'अहो'ची बजावणी

माझ्या ताईचे यजमान कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचे कागद ज्याच्या नावाचे असतील त्याच्या घरी नेऊन हातात द्यायचे, त्याची सही घ्यायची, हे त्यांचं काम. पोस्टमनही कागदच पोचवतो, पण पोस्टमन आला की लोक दार उघडतात आणि बेलीफ आला की आतून कडी लावतात. दाजींची सगळी नोकरी लावलेल्या कड्यांसमोर उभं राहण्यात गेली. त्यातही घटस्फोटाचे कागद म्हटलं की साहेब त्यांनाच बोलवायचे, कारण ते कागद घ्यायला माणूस जितकी टाळाटाळ करतो तितकी दिवाळखोरही करत नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर आहे आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. त्यामुळे दाजी मला घरी दिसले तसे कामावरही दिसले. दोन्हीकडे ते अगदी एकसारखे वागायचे आणि सगळी गोम तिथेच होती.

कोर्टात त्यांना सगळे खात्रीसाहेब म्हणत. कुणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "खात्री?" चहावाला म्हणाला साखर घातलीय, तर खात्री? शिपाई म्हणाला लिफ्ट बंद आहे, तर हे जाऊन बटण दाबून बघणार आणि मगच जिना चढणार. मी त्यांच्या कागदांच्या प्रती काढून दिल्या की मूळ कागद आणि प्रत शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून बघत बसायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, दाजी, यंत्र आहे ते, त्याला खोटं बोलता येत नाही. तर म्हणतात, यंत्राला नाही येत, पण यंत्रापाशी कोण उभं आहे ते बघावं लागतं. यंत्रापाशी मी उभा होतो, त्यांचा सख्खा मेव्हणा.

खरं सांगायचं तर त्यांच्या धंद्यात संशय हा दुर्गुण नव्हताच. दार उघडणारा प्रत्येक माणूस खोटं बोलणार, हे धरूनच बेलीफाला बेल वाजवावी लागते. एका गृहस्थांनी दाजींना दारातच सांगितलं होतं की ते वारले, मी त्यांचा भाऊ, आणि डोळ्यांतून पाणीही काढलं होतं. एक बाई केसांना फडकं गुंडाळून स्वतःच्याच घरची मोलकरीण झाल्या होत्या, पण हातातला झाडू उलटा धरलेला. एकजण कपाटात जाऊन बसला आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने शिंकला. असे किस्से दाजी रंगवून सांगत नसत, तपशील चुकू नये म्हणून जपून सांगत आणि त्यामुळेच ते जास्त हसवत.

"तुम्हीच का ते?" असं विचारलं की उत्तर "नाही" हेच येणार. मग माणूस ओळखायचा कसा? दाजींना याचं उत्तर सापडलं ते अपघाताने. एका इमारतीत एक माणूस दारात उभा राहून शपथेवर सांगत होता की मालक परदेशी गेलेत, मी नुसता भाडेकरू, सडाफटिंग, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही. तेवढ्यात खालच्या जिन्यात कोणी बाई आपल्या नवऱ्याला ओरडली, "अहो!" आणि या सडाफटिंगाची मान गर्रकन वळली. दाजींनी तिथल्या तिथे त्याच्या हातात कागद ठेवला. अविवाहित माणूस "अहो"ला कशाला वळेल?

तेव्हापासून ही त्यांची रीतच झाली. जिने घटस्फोटाचा कागद काढलाय त्या बाईलाच ते बरोबर न्यायचे आणि जिन्याच्या वळणावर उभी करायचे. आपण दारात त्या माणसाशी इकडचं तिकडचं बोलायचं, पत्ता विचारायचा, पाणी मागायचं. खूण केली की बाईने नेहमीच्या आवाजात हाक मारायची, "अहो." लग्न झालेल्या माणसाची जीभ कितीही तयार असली तरी त्या एका आवाजातल्या त्या एका हाकेला त्याची मान वळतेच, असं दाजी म्हणायचे. मान वळली की माणूस ठरला. ज्या बायका नवऱ्याला नावानेच हाक मारतात त्यांच्या घरी ही युक्ती लागू नव्हती, आणि हल्ली तशाच जास्त, म्हणून दाजी जमान्यावर जरा नाराज असायचे.

काही बायका अडून बसत. त्या माणसाला मी आता "अहो" म्हणणार नाही, जीभ झडली तरी नाही, असं एकीने सांगितलं होतं. दाजी तिला समजावत होते तेव्हा मी तिथेच होतो, प्रतींचा गठ्ठा द्यायला गेलो होतो. ते म्हणाले, "शेवटचं एकदा म्हणा, ताई. कामापुरतं."

दुसरा त्यांचा हट्ट हाताचा. पायाशी टाकलेला कागद म्हणजे कचरा. दाराला चिकटवला तर तो दाराला मिळाला, माणसाला नाही. समोरच्याच्या बोटांनी कागद धरला, की झाली बजावणी. कायद्यात बाकीच्या वाटा आहेत, पण दाजी त्यांना वाटा मानत नसत. त्यांच्या हाताखाली पुढे एक बाई आल्या, नकला विभागातून बदली होऊन, गुडघ्याने अधू पण जिद्दीच्या. सगळे त्यांना बेलीफबाई म्हणत आणि त्या दाजींना गुरुजी म्हणत. गुरुजींनी त्यांना हेच दोन धडे दिले, मान आणि हात.

आता घरचं सांगतो. इथे मला राग येतो, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाला तर झाला.

ताई दुपारी मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायला जायची. जाता-येता अस्तर, बटणं, दोरे घ्यायची. संध्याकाळी दाजी विचारायचे, आज कुठे गेली होतीस? ती सांगायची अमुक दुकानात, तमुक गल्लीत. मग दाजी खूश होऊन जेवायला बसायचे. कितीतरी वर्षांनी तिला कळलं की ज्या दिवशी हे विचारतात त्या दिवशी हे स्वतः त्या गल्लीत समोरच्या फुटपाथवर उभे राहून आलेले असतात. उत्तर आधी गोळा करायचं आणि प्रश्न नंतर विचारायचा. कोपऱ्यावरून घरी फोन करायचा आणि कितव्या घंटीला उचलते ते बघायचं. दूध उतू गेलं तर का गेलं, लक्ष कुठे होतं, कोणाशी बोलत होतीस? बाहेरख्यालीचा संशय म्हणावा तर तसं एक अक्षर ते कधी बोलले नाहीत. त्यांना काही सापडायला नकोच होतं, त्यांना फक्त ताळा जुळलेला हवा होता.

मी ताईला म्हणालो, तू भांडत का नाहीस? ती शिवता शिवता म्हणाली, "भांडू कशाला? रोज पासच होतेय मी. फक्त ही शाळा कधी सुटत नाही."

सांगून तिने बघितलं नाही असं नाही. गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, एकदा माझ्यादेखत बजावून सांगितलं की हे असं चालू राहिलं तर मी राहणार नाही. दाजींनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, हे तिला कोणी शिकवलं?

मग आमचे बाबा आजारी पडले. शेवटचे दिवस होते आणि ताई वॉर्डात त्यांच्या उशाशी बसून असायची. एका दुपारी नर्सने तिला बोलावलं, ऑफिसमधून फोन आहे म्हणाली. ताईने फोन घेतला. पलीकडून एक घोगरा आवाज विचारत होता की त्या पेशंटची मुलगी खरंच तिथे बसलेली असते का, नोंदीसाठी माहिती हवी आहे. आवाज बदललेला होता, पण वाक्याच्या शेवटी तो नेहमीचा शब्द आलाच, "खात्री?" ताईने परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "हो. मुलगी इथेच आहे." आणि फोन ठेवून परत येऊन बसली. मी बाबांच्या पायाशी होतो. कोणाचा फोन, असं मी विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, चुकीचा नंबर होता. खरं काय ते तिने मला पुढे सांगितलं.

त्यानंतर तिने दाजींना हाक मारणं बंद केलं. हे मला फार उशिरा लक्षात आलं, कारण ती बोलायची थांबली नव्हती. आपल्या भाषेत माणसाला हाक न मारताही संसार करता येतो. चहा ठेवलाय. छत्री दाराशी आहे. दिवे गेलेत वाटतं. मी जेवायला गेलो होतो तेव्हा संध्याकाळभर ऐकत बसलो आणि एकदाही "अहो" आलं नाही. दाजींना कळलं होतं का? त्या माणसाला घरातली सुई हललेली कळायची. पण याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, बहुतेक उत्तर आधीच गोळा झालं होतं म्हणून.

एका सकाळी ताई शिवणयंत्र आणि एक बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. माझ्या बायकोने काही न विचारता मागची खोली रिकामी केली. ताई म्हणाली, "तोंडी बजावून थकले रे. आता कागदावर बजावते." अर्जाच्या प्रती तिने माझ्याकडे काढल्या नाहीत, पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन काढल्या. मला वाईट वाटलं. तर म्हणते, ते तुला येऊन विचारतील, तुला खोटं बोलायची वेळ नको.

आणि ते आलेच. कपाटातून लग्नाचा दाखला गेलाय, तिची सर्टिफिकिटं गेलीत, काय रे झेरॉक्स, तू प्रती काढल्यास? मी म्हणालो नाही. त्यांनी विचारलं, खात्री? मी म्हणालो खात्री. त्यांनी माझ्या यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या घरी हे कागद नेले, त्याला आपला कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर सरकतोय हे सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून खात्रीसाहेब रजेवर गेले.

समन्स निघालं. बाकीच्या बेलीफांनी पाठ फिरवली, कोणाला सर्दी झाली, कोणाच्या घरी पाहुणे आले. शेवटी ते बेलीफबाईंच्या गळ्यात पडलं. बिचाऱ्या गुडघा चोळत माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि त्या दिवशीची हकिगत सांगायच्या. घराला बाहेरून कुलूप आणि आत कोणीतरी खोकतंय. बाई दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, गुरुजी, खोकल्याचं औषध घ्या. खोकला थांबला. एकदा खिडकीतून कोणी चादर पांघरलेला माणूस म्हणाला की साहेब गावाला गेलेत, मी घराची राखण करतो. बाईंनी विचारलं की गावाला कधी गेले, तर चादरीतून आवाज आला, "तुम्हाला कोणी पाठवलं ते आधी सांगा." लोकांनी दाजींवर जे जे डाव टाकले होते ते सगळे दाजी आता एकेक करून टाकत होते. कपाटात बसायचं तेवढं राहिलं होतं. बाई हसायच्या, मग हसता हसता डोळे पुसायच्या.

वकील ताईला म्हणाले, दाराला चिकटवून घेऊ, फोटो काढू, चालतं. ताई म्हणाली, "माझं लग्न दाराशी नाही झालेलं." तिला तो कागद त्यांच्या हातातच पडायला हवा होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका शिवणशाळेत तिला रुजू व्हायचं होतं, राहायला खोलीही मिळणार होती. तारखेच्या आत बजावणी झाली नसती तर प्रकरण पुन्हा रेंगाळलं असतं, आणि अर्धवट सुटलेली गाठ घेऊन ती जायला तयार नव्हती. मला कळलंच नाही असं त्यांना पुढे म्हणता येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

मी दाजींना भेटायला गेलो. मागच्या बाजूने, न्हाणीघराच्या खिडकीशी. त्यांनी मिशी काढली होती. बिनमिशीचे दाजी पाहून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी म्हणालो, घ्या की तो कागद, किती दिवस असे राहणार? त्यांनी आवाज खाली आणला.

"कागद हातात आला नाही तर काही झालेलंच नाही. हे मी सगळ्यांना शिकवलंय. तोवर ती माझी बायको आहे."

"तसं असेल तर तिला जाऊन भेटा ना."

त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मला वाटलं बांध फुटतोय. मग म्हणाले, "तिच्याकडे कोण कोण येतं रे?"

मी तिथून निघालो तो इतक्या तिडकीने की चप्पल चिखलात रुतली ती उपटून हातात घेऊन चाललो. हा माणूस सुधारणार नाही असं वाटेतल्या प्रत्येक खांबाला सांगितलं.

पण घरात दडून राहतील ते दाजी कसले. दोन-चार दिवसांत मला दुकानासमोरच्या बसथांब्यावर एक माणूस दिसायला लागला. डोक्यावर टोपी, काळा चष्मा, हातात वर्तमानपत्र. बस यायची, जायची, तो चढायचा नाही. वर्तमानपत्राच्या वरून त्याची नजर आमच्या माडीवरच्या खिडकीकडे लागलेली. खिडकीत ताई शिवत बसायची. पहिल्या दिवशी मी ओळखलं आणि गप्प बसलो. मग मला भलतीच भीती वाटायला लागली. आमच्याकडे कोण येतं-जातं ते मीही बघायला लागलो. दूधवाला जरा जास्त वेळ थांबला तर माझ्याच मनात आलं, का थांबला असेल? संशय हा नायट्यासारखा असतो, नुसत्या शेजाराने लागतो. एकदा मी बायकोला विचारलं, फोनवर कोण होतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून खाली दुकानात आलो.

ताईला दिसत नसेल असं मला वाटत होतं. एका सकाळी सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "आज टोपी बदललीय." मी चमकलो. ती म्हणाली की पहिल्या दिवसापासून दिसतात, उभं राहायची ढब काय झाकता येते? मग बेलीफबाईंना सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती पुन्हा शिवायला लागली. तिला दया येत होती की कीव, की आणखी काही, मला सांगता येणार नाही. तारीख मात्र जवळ येत होती.

शेवटी तिनेच बाईंना बोलावलं. बाई दुकानात स्टुलावर बसल्या होत्या, पिशवीत कागद होता. मी प्रती काढत होतो. ताई जिना उतरून आली ती शेवटच्या पायरीवर थांबली. केस नीट विंचरलेले, साडी घरातलीच. बाई म्हणाल्या, मी समोरून जाते, मला बघून ते पळतील, माझा गुडघा काही त्यांना गाठणार नाही. तुम्ही मागच्या बाजूने या आणि... पुढचं त्यांना बोलवेना. गुरुजींचा धडा गुरुजींवरच चालवायचा होता.

ताई म्हणाली, "हाक मी मारते. पण कामापुरती नाही मारणार. वळून ते काय बोलतात ते मला ऐकायचंय. मी 'द्या' म्हटलं तरच कागद द्या. नाही म्हटलं तर फाडून टाकू, मी घरी जाईन."

बाई म्हणाल्या, हे नियमात बसत नाही. मग पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, बरं.

मी यंत्र बंद करून दाराशी येऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक ओरडत होतं, त्याला ओरडू दिलं.

बाई रस्ता ओलांडून थांब्याकडे निघाल्या. वर्तमानपत्र खाली आलं. दाजींनी बाईंना पाहिलं, घडी घातली आणि भाजीबाजाराच्या गर्दीकडे झपाझप चालायला लागले, मागे न बघता, जसे त्यांनी कितीतरी लोक पळताना पाहिले होते तसेच. ताई गल्लीतून वळसा घालून त्यांच्या मागे आली होती. मध्ये बटाट्याची पोती, माणसं, एक हातगाडी. आणखी जरा गेले असते तर दिसेनासे झाले असते.

ताईने हाक मारली, "अहो."

भाजी घेणारे दोन-तीन नवरे वळले आणि आपली बाई नाही असं बघून पुन्हा वांगी निवडायला लागले. दाजी थांबले. पाठमोरेच थांबले. ही हाक कशासाठी असते हे जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जिन्याच्या वळणावर त्यांनी स्वतःच बायका उभ्या केल्या होत्या. त्यांनी दोन पावलं पुढे टाकली असती तर सुटले असते. पण मान वळली. आणि नुसती मान वळली नाही, त्यांनी ओ दिली. जेवायला हाक आल्यावर आतल्या खोलीतून द्यावी तशी साधी, लांबलेली "ओ." त्यांनी चष्मा काढला. त्यांचा असा चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

ताई उभी होती. दाजी तिच्या दिशेने चालत आले. मी रस्त्याच्या मध्यापर्यंत कधी पोचलो ते मला कळलं नाही. मनात म्हणत होतो, चल घरी म्हणा. काही सुचत नसेल तर गप्प राहा, नुसते उभे राहा, तेवढंही पुरे.

दाजी अगदी जवळ आले. तेवढ्यात त्यांची नजर ताईच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे बाई आल्या होत्या, धापा टाकत, पिशवी छातीशी. दाजींनी पिशवीकडे पाहिलं. मग ताईकडे.

"खरी हाक होती, का कामापुरती?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "द्या, बाई."

बाईंनी कागद पुढे केला. दाजींनी हात मागे घेतला नाही. जन्मभराची सवय, कागद समोर आला की बोटं मिटायचीच. त्यांनी तो घेतला, नाव वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला, मागची बाजू तपासली. सहीसाठी ते खिशातलं पेन काढायला लागले, मग थांबले आणि बाईंना म्हणाले की सही घेताना पेन आपलं द्यावं, समोरच्याचं घेऊ नये, त्यातली शाई उडून जाते. बाईंनी आपलं पेन दिलं. त्या गडबडीत बाईंच्या हातून पिशवी निसटली, ती दाजींनीच सावरली. ताई तोवर रस्ता ओलांडून गेलीही होती.

कोर्टात दाजींनी काहीच हरकत घेतली नाही. ताई दुसऱ्या शहरात गेली. तिची शिवणशाळा चांगली चालते, ती जाडही झालीय जरा, फोनवर हसते. दाजी निवृत्त झाले आणि आता बहुतेक सकाळी माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसतात. मिशी पुन्हा ठेवलीय. मी त्यांना येऊ नका म्हणत नाही, चहा पाजतो. ते माझ्या प्रती ताडून बघतात आणि खरं तर दोनदा त्यांनी माझी चूकही पकडून दिली. तरी त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांना पाहिलं नाही तर सकाळ रिकामी वाटते हेही तितकंच खरं.

समोरच्या थांब्यावर कोणी बाई "अहो" म्हणाली की त्यांची मान वळते. मग ते बस कुठली आली ते बघत होतो असं दाखवतात.

परवा अशीच एक हाक आली आणि ते वळले, आणि या वेळी बसचं निमित्त त्यांनी केलं नाही. हातातला कागद खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, की त्या दिवशी तू तिथे होतास, तुला काय वाटतं, ती हाक खरी होती का?

मला काही वाटायचा प्रश्नच नव्हता, मला माहीत होतं. सांगावं की नाही याचा मी जरा विचार केला. मग म्हणालो, "खरी होती, दाजी. जिन्यात माझ्यासमोर बोलली ती. तुम्ही नीट बोलला असतात तर कागद फाडून घरी येणार होती."

त्यांनी कपाला हात लावला नाही. चहा निवून गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "खात्री?"